अनुभव धागा: वॉर्डातली कला

१२ मे, म्हणजे परिचारिका दिन आला की हॉस्पिटलच्या लॉबीत रांगोळ्या पडतात, बक्षिसं वाटली जातात आणि विषय संपतो. मला त्यापलीकडचं हवंय. चित्र, रांगोळी, विणकाम, काहीही. रुग्णसेवेत त्याचा प्रत्यक्ष उपयोग कुठे झाला? बार्बरा कार्पर यांनी १९७८ साली नर्सिंगच्या ज्ञानाच्या चार वाटा मांडल्या, त्यात शास्त्र, नीती आणि स्वतःची जाण यांच्या बरोबरीनं सौंदर्यदृष्टीही होती. आमच्या वर्गात नेमकी तीच घाईघाईत उरकली जाते. किस्से लिहा, उपदेश नको.

डायलिसिसवाली
चार तास पेशंट एका जागी. फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीचा) हात हलवायचा नाही, पण फिस्टुला शक्यतो कमी वापराच्या हाताला करतात, त्यामुळे लिहिता हात मोकळा. आमचे एक काका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मोठ्यानं भजनं लावून सगळ्यांना वैताग आणायचे. त्यांना वही-पेन्सिल दिली. ते आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे काढू लागले, टपऱ्या आणि वडाच्या पारासकट. एकदा बघते तर रेघा भरकटलेल्या. "काका, बरं वाटतंय ना?" "काही नाही गं पोरी." बीपी घेतलं, चांगलंच उतरलं होतं. पाणी काढणं थांबवलं, पाय वर घेतले, सलाईन सोडलं. मशीनवरच्या पुढच्या बीपीला अजून वेळ होता.

न्यूरोतला ब्रदर
मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेल्या आजी. ताटात डावीकडची भाजी तशीच राहायची. सूनबाई म्हणायच्या, "नाटकं आहेत, आवडत नाही ती." स्ट्रोकमुळे डावीकडचं भानच राहत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं, पण पटलं नव्हतं. मी कागदावर ठिपके मांडून दिले आणि म्हटलं, "आजी, कमळ काढा." आजींनी सराईतपणे उजवीकडचे ठिपके जोडले आणि पेन खाली ठेवलं. "झालं की!" अर्धंच कमळ. सूनबाई बघतच राहिल्या. त्या दिवसापासून जेवताना ताट फिरवून देऊ लागल्या, आजींना डावीकडे बघायची आठवण करू लागल्या.

बालविभाग
वेदना मोजायचा चेहऱ्यांचा तक्ता रोज वापरतो ना आपण? वाँग आणि बेकर यांनी तो मुलांनीच काढलेल्या चेहऱ्यांवरून तयार करवून घेतला. वाँग नर्सच होत्या.
दोन सूचना: क्रेयॉन ज्याचे त्याला, डिस्चार्जला सोबत द्यायचे. आणि इंट्राकॅथवरच्या (शिरेत बसवलेल्या सलाईनच्या नळीवरच्या) पारदर्शक ड्रेसिंगवर स्केचपेन अजिबात नको, जागा लाल झाली तर दिसायला हवी.

कायम नाइट
छान वाटलं वाचून. पण दोन सिस्टर आणि भरलेला वॉर्ड, तिथे कागद कोण वाटणार? आणि वरच्यांच्या कानावर घालू नका, उद्या 'कला उपक्रम रजिस्टर' निघेल, तेही आपणच भरायचं. मी घरी क्रोशे करते, निव्वळ माझ्यासाठी. नाइट उतरल्यावर झोप येत नाही, तेव्हा बरं पडतं.

धागाकर्ती
रजिस्टरची भीती रास्त आहे! ब्रदर, ते कमळ किती ठिपक्यांचं? विद्यार्थ्यांना काढून दाखवायचंय.

न्यूरोतला ब्रदर
सात ते चार, मॅडम. बायकोकडून शिकून घेतलं.