मदत हवी आहे: लोकसंख्या वाढलेलं गणना-क्षेत्र आतून फोडायचं की हद्दच नव्याने आखायची?

नमस्कार मंडळी,

जनगणना, सर्वेक्षण किंवा जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांवर) काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा. जरा लांबलंय, पण तपशील गाळला तर अडचण नेमकी कुठे आहे ते कळणार नाही.

आमच्या छोट्या गटाकडे लहान गणना-क्षेत्रांच्या हद्दी तपासायचं काम आहे. कुठे माणसं वाढली, कुठे कमी झाली हे बघून कोणतं क्षेत्र फोडायचं आणि कोणतं शेजारच्यात मिळवायचं ते सुचवायचं. बाकीची बरीचशी मार्गी लागली. एका क्षेत्रावर मात्र तीन आठवडे अडकलो आहोत.

आकडे गोळाबेरीज करून सांगते. मागच्या गणनेत तिथे ३,६०० लोक होते. दक्षिणेकडचा दोन-तृतीयांश भाग म्हणजे जुनी दाट वस्ती, उत्तरेकडे शेतं आणि साठेक घरं. आता ताज्या घरयादीवरून ११,००० लोक दिसतात. त्यातले जवळपास ७,००० उत्तरेच्या नव्या इमारतींत. जुन्या वस्तीत वयस्कर माणसं जास्त, नव्या भागात तरुण जोडपी आणि लहान मुलं. सगळं एकत्र धरून सरासरी वय काढलं की जे उत्तर येतं ते ना इकडच्यांचं, ना तिकडच्यांचं. लसीकरण कुठे वाढवायचं आणि ज्येष्ठांसाठी सोय कुठे करायची हे याच आकड्यांवरून ठरणार आहे, म्हणून माझा जीव अडकलाय यात.

फोडायचं हे नक्की. अडचण आहे ती उत्तरेच्या हद्दीची. जुन्या नकाशात ती एका ओढ्यावरून जाते. मी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. ओढा आता स्लॅबखाली गेलाय आणि वरून रस्ता. तिथे चार इमारतींचं एक संकुल आहे. तीन इमारती ओढ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. फाटक एकच, पाण्याची टाकी एकच. पहारेकऱ्याच्या वहीत चारही इमारतींत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद एकाच पानावर होते. आमच्या नकाशात मात्र चौथी इमारत शेजारच्या क्षेत्रात. तिथल्या एका बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांना ते पटेचना. त्यांच्या दृष्टीने तो एकच पत्ता आहे.

गटात दोन मतं आहेत. एक मत असं की बाहेरची हद्द जशीच्या तशी ठेवावी आणि आतून दोन तुकडे करावेत, म्हणजे दोन्हींची बेरीज करून मागच्या गणनेशी तुलना करता येईल. दुसरं मत असं की ओढा संपला, आता हद्द पुढच्या मोठ्या रस्त्यावर न्यावी, म्हणजे संकुल एकत्र राहील. मला दोन्ही पटतात, म्हणूनच अडलंय.

दुसरी अडचण जुन्या आकड्यांची. दोन तुकड्यांची मागची लोकसंख्या कशी काढायची? एका सहकाऱ्याने क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटली. म्हणजे उत्तरेच्या एक-तृतीयांश भागाला १,२०० लोक. पण तिथे शेतं होती! साठ घरांत फार तर २५० माणसं असतील. या हिशोबाने जुनी वस्ती २,४०० वरून ४,००० वर गेली, म्हणजे ६७ टक्के वाढली असं दिसतं. खरं तर ती ३,३५० वरून ४,००० वर गेली, वाढ जेमतेम १९ टक्के. एवढी चूक असलेला तक्ता पुढे पाठवायला माझं मन तयार नाही.

थोडं वाचलंय. अमेरिकेत सेन्सस ट्रॅक्टसाठी (तिथलं लहान गणना-क्षेत्र) साधारण ४,००० लोक आदर्श मानतात, ८,००० च्या वर गेला तर फोडतात, १,२०० च्या खाली आला तर जोडतात. फोडल्यावर १२ क्रमांकाच्या ट्रॅक्टचे १२.०१ आणि १२.०२ होतात, म्हणजे मूळ कुठलं ते क्रमांकावरूनच कळतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एलएसओए नावाची क्षेत्रं १,००० ते ३,००० लोकांची असतात आणि शक्यतो मर्यादा ओलांडणाऱ्यांनाच हात लावतात. पण आमच्यासारखा, जमिनीवरची खूणच नाहीशी झाल्याचा प्रश्न कसा सोडवतात ते मला सापडलं नाही.

तर हद्द हलवावी का? आणि जुनी लोकसंख्या कशी वाटावी? कुणी हे हाताने केलं असेल तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १ (जुना_प्रगणक)

हद्द हलवण्याआधी एक सांगा. ओढा आणि मोठा रस्ता यांच्यामधल्या पट्टीत मागच्या गणनेत घरं किती होती?

धागाकर्ती

नऊ. आता चौथ्या इमारतीत ३१ कुटुंबं राहतात.

प्रतिसाद २ (जुना_प्रगणक)

मग हलवू नका. कारण सांगतो. हद्द बदलली की तुलनेसाठी कुणीतरी मागच्या गणनेचे आकडे नव्या हद्दीप्रमाणे मागणार, आणि तुम्ही ते देणार. जुन्या हद्दीचे आकडे आधीच प्रसिद्ध आहेत. एकातून दुसरे वजा केले की उरतात ती नऊ घरं. त्यांची वयं, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं उघडं पडतं. माहिती गुप्त राहील असं सांगून आपण ती घेतलेली असते. लहान क्षेत्रांची हद्द थोडी सरकवायला सांख्यिकी कार्यालयं तयार नसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आतून फोडतानासुद्धा हे बघा. उत्तरेच्या साठ घरांचे मागचे तपशील वेगळे देऊ नका, फक्त एकूण लोकसंख्येचा अंदाज द्या.

प्रतिसाद ३ (पायवाट)

गोपनीयतेचं मान्य. पण ज्याला दारोदार फिरायचंय त्याचा विचार करा. ओढा दिसतच नाही तर तो थांबणार कुठे? दोन्ही क्षेत्रांचे प्रगणक चौथ्या इमारतीत गेले तर ३१ कुटुंबं दोनदा मोजली जातील, आणि दोघांनाही ती दुसऱ्याची वाटली तर एकदाही नाही. मी हे होताना पाहिलंय. न मोजलेलं कुटुंब नंतर कुठल्याच तक्त्यात सापडत नाही, म्हणून मला ही चूक सगळ्यात वाईट वाटते. गणनेची हद्द जमिनीवर दिसणारी हवी.

प्रतिसाद ४ (जुना_प्रगणक)

पायवाट, मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी प्रसिद्धीची हद्द हलवायची गरज नाही. मोजायची हद्द आणि आकडे छापायची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजायचा भाग, आखतात तो एका माणसाला ठरल्या दिवसांत झेपेल असा, आणि २०११ च्या गणनेत त्याचा नजरी नकाशा, म्हणजे हाताने काढलेला आराखडा, हातात असायचा. इथे संपूर्ण संकुल एकाच प्रगणकाला द्या आणि नजरी नकाशात चारही इमारतींना क्रमांक घाला. मात्र चौथ्या इमारतीच्या नोंदींवर शेजारच्या क्षेत्राचा संकेतांक पडू द्या. आकडे छापताना ती इमारत आपोआप जुन्या हद्दीप्रमाणे जाईल.

प्रतिसाद ५ (अंशछेद)

वाटणीबद्दल. क्षेत्रफळ सोडा, घरांच्या प्रमाणात वाटा. मागच्या गणनेच्या सुमाराचं उपग्रह चित्र घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळच्या इमारतींची छपरं आखून घ्या, मजले माहीत असतील तर तेही धरा. मग ३,६०० त्या प्रमाणात दोन भागांत घाला. बेरीज ३,६०० च आली पाहिजे, ही अट मोडू नका. जुनी घरयादी मिळत असेल तर त्याहून उत्तम. तक्त्यात त्या स्तंभावर 'अंदाज' असं स्पष्ट लिहा.

आणि आतली रेषा कुठेही ओढली तरी चालेल असं समजू नका. १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर या भूगोलतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून पाहिल्या. ज्येष्ठांचं प्रमाण आणि रिपब्लिकन मतं यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात, हे उणे १ ते अधिक १ मध्ये सांगणारा आकडा) गट कसे पाडले त्यावरून जवळपास उणे १ पासून अधिक १ पर्यंत कुठेही नेता आला. माणसं तीच, मतं तीच, फक्त रेषा वेगळ्या. म्हणून रेषा कशी ठरवली ते आकडे बघायच्या आधी लिहून ठेवा.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. मोजायची हद्द आणि छापायची हद्द वेगळी ठेवता येते हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नऊ घरांचं वाचून तर धस्स झालं. हद्द हलवली असती तर आम्हीच त्यांची माहिती उघड केली असती.

आज जुन्या चित्रावर छपरं आखायला बसले. उत्तरेला ५८ निघाली, त्यातली चार गोठे किंवा शेड वाटतात. दक्षिणेचं अजून चालू आहे. बाहेरची हद्द तशीच ठेवायचं ठरलंय.

आता आतल्या रेषेबद्दल एवढंच विचारते. जुनी वस्ती आणि नव्या इमारती यांच्यामध्ये एक कच्ची वाट आहे, आणि तिच्यापासून थोडं पुढे पक्का रस्ता. वाट खऱ्या वस्तीच्या कडेने जाते, पण पुढच्या गणनेपर्यंत तिथेही बांधकाम होईल असं दिसतंय. रस्ता टिकेल, मात्र तो घेतला तर नव्या दोन इमारती जुन्या वस्तीत जातात. तुम्ही काय घेतलं असतं?