लॉकडाऊनमध्ये पक्षी-प्राणी वाढले होते, की बघणारे?

गच्चीवरची: २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि पंधरवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मुंगूस, घारी, धनेश यांचे फोटो येऊ लागले. इतकी वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत राहून राखी धनेश मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. समोरच्या उंबरावर बसून एकेक फळ गिळत होता. गाड्या थांबल्या, गोंगाट थांबला म्हणूनच तो आला, असं माझं ठाम मत आहे. त्या नोंदी पुरावा म्हणून धरायला हव्यात.

पक्षीवेडा: ताई, नाही पटत. एप्रिल म्हणजे धनेशाची वीण. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर घशात फळं साठवून दिवसभर तिच्याकडं खेपा घालतो. तो दरवर्षीच येत असणार, तुम्ही त्या वेळी कामावर असायचा. म्हणून तर ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी भरताना किती मिनिटं पाहिलं, किती चाललात, किती जण होतात हे विचारतात. ग्रुपवरच्या फोटोला यातलं काहीच नसतं. शिवाय व्हेनिसच्या कालव्यातले म्हणून ज्यांचे व्हिडिओ फिरले ते डॉल्फिन सार्डिनियाच्या बंदरातले होते. केरळात मेप्पयूरच्या रस्त्यावरचं ‘दुर्मिळ मलबार जवादी मांजर’ही नेहमीचं लहान जवादी मांजर निघालं.

गच्चीवरची: कुणीतरी खोटं पसरवलं म्हणून माझा धनेश खोटा ठरत नाही.

दाजीपूरकर: तुम्ही दोघं शहराचंच बोलताय. आमच्याकडं उलटं झालं. दाजीपूरचं अभयारण्य बंद, पर्यटक नाहीत, गाईड घरात बसून. गवे होते तिथंच होते, पण सांगणार कोण? रानातली कामं चालूच होती. रात्री उसात गवा शिरला की आम्ही डबे बडवून हाकलायचो, फोटो कुठला काढताय! आता त्या वर्षाच्या नोंदींचा नकाशा काढला तर कोल्हापूर शहरात ठिपकेच ठिपके आणि दाजीपूर कोरं. मग तिथं जनावरंच नव्हती म्हणणार?

पक्षीवेडा: माझं म्हणणं हेच आहे दादा. कोरं म्हणजे कुणी पाहिलं नाही, एवढंच. ताई, तारखा लिहून ठेवल्यात का?

गच्चीवरची: ठेवल्यात. कॅलेंडरच्या मागं, ११ एप्रिल ते मेअखेर, रोज सकाळी साडेसहा ते सात. नऊ दिवस धनेश दिसला. नाही दिसला त्या दिवशी फुली मारलीय. पण शांततेचा मुद्दा मी सोडत नाही. येत्या एप्रिलमध्ये त्याच गच्चीवर, त्याच वेळेला उभी राहते आणि आकडे इथं टाकते.

पक्षीवेडा: फुल्यांसकट टाका, त्याच महत्त्वाच्या. आणि तो उंबर अजून आहे ना?

गच्चीवरची: आहे. एक फांदी तारांसाठी तोडलीय, तेही लिहिते.