एमए इंग्लिशची एन्ट्रन्स, हातात तीन महिने, पदवी इतिहासातली आणि सनावळी डोक्यात टिकत नाही

पानापानांत
नमस्कार मंडळी. माझं ग्रॅज्युएशन इतिहासात झालंय, आता इंग्लिश लिटरेचरमध्ये एमए करायचंय आणि एन्ट्रन्सला बरोब्बर तीन महिने उरलेत. शाळा मराठी माध्यमातली, इंग्रजी पुस्तकांची गोडी कॉलेजात लागली, आणि आता हाच विषय करायचा हे मनाशी पक्कं आहे.

पेपर दोन भागात आहे, पहिला ऑब्जेक्टिव्ह (लिटरेचरचा इतिहास, क्रिटिसिझम, थिअरी, थोडं लिंग्विस्टिक्स आणि फोनेटिक्स), दुसऱ्यात एक अनसीन कविता देतात आणि तिच्यावर लिहायचं असतं. मी एक जाडजूड गाईड घेतलं आणि चॉसरपासून सगळे लेखक, पुस्तकं, सालं असं ओळीने पाठ करत सुटले, दीड महिना तेच चाललंय. रविवारी मॉक दिली तर शंभरपैकी एकेचाळीस. चुकलेलं बघितलं तर जास्त वाईट वाटलं, कारण निगेटिव्ह कॅपेबिलिटी कीट्सची हे पाठ होतं, पण एक उतारा देऊन यात कोणती संकल्पना आहे असं विचारल्यावर ओळखताच आलं नाही. फोनेटिक्स तर भीतीने उघडलेलंच नाही.

तर पाठ करायची पद्धतच चुकतेय का? आणि फोनेटिक्स कुठून सुरू करू? कवितेचं कसं करायचं तेही कोणी सांगा प्लीज.

जुनी_वही
अगं इतिहासाची पदवी आहे ना, मग तेच तर भांडवल आहे तुझं, आणि नेमकं तेच बाजूला ठेवून तू सालं घोकतेयस. मीही दुसऱ्या विषयातून इकडे आले आणि पहिल्यांदा हीच चूक केली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाईड मिटव. मोठा कागद घे, मधून आडवी रेघ मार, वर घटना आणि खाली पुस्तकं. आता १६४२ घे. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू होते, पार्लमेंट नाटकगृहं बंद करतं, ती १६६० मध्ये राजा परत आल्यावर उघडतात. तो दरबार फ्रान्समधली चव घेऊन आलाय, इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर पहिल्यांदाच बायका काम करायला लागतात, आणि त्यातून ती रेस्टोरेशन कॉमेडी येते. आणि राजा परतल्यामुळे ज्याचं सगळं हरलं तो मिल्टन, राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सरकारात काम केलेला, आता आंधळा, तो १६६७ मध्ये पॅराडाइज लॉस्ट छापतो. हे असं एकदा डोक्यात बसलं की १६६७ विसरता येत नाही. (पहिल्या आवृत्तीत दहा सर्ग, १६७४ च्या आवृत्तीत बारा, हे विचारतात हं.)

पुढे १६९५ ला छपाईच्या परवान्याचा कायदा संपतो, छापखाने वाढतात, कॉफीहाउसात बसून वाचणारा वर्ग तयार होतो, मग १७०९ ला टॅटलर, १७११ ला स्पेक्टेटर ही नियतकालिकं, आणि तोच वाचक १७१९ ला रॉबिन्सन क्रूसो विकत घेतो. म्हणजे कादंबरी का आली याचं उत्तर तुला वरच्या ओळीतच मिळतं. तसंच १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती आणि १७९८ ची लिरिकल बॅलड्स, वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा कवितासंग्रह. यातली वर्ड्सवर्थची ती प्रसिद्ध प्रस्तावना मात्र १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीतली आहे, पहिल्या आवृत्तीत फक्त छोटंसं निवेदन होतं, इथे खूप जण फसतात.

एक वेगळी यादी मात्र कर, लिहिलं कधी आणि छापलं कधी यात अंतर असलेल्यांची. सिडनी १५८६ ला वारला आणि त्याचं काव्याचं समर्थन छापलं गेलं १५९५ ला. हॉपकिन्स १८८९ ला गेला, कविता पुस्तकरूपात आल्या १९१८ ला, त्याचा मित्र ब्रिजेस याने छापल्या, म्हणून तो व्हिक्टोरियन असूनही मॉडर्न कवींच्या वाचनात आला. पेपर काढणाऱ्यांना अशा जागा फार आवडतात.

क्रिटिसिझम तर भांडण म्हणूनच वाच. प्लेटो कवींना राज्याबाहेर काढतो, अ‍ॅरिस्टॉटल कॅथार्सिस (म्हणजे भावनांचं शुद्धीकरण) मांडून उत्तर देतो. गॉसन १५७९ मध्ये नाटकं-कविता यांच्यावर तुटून पडतो आणि पुस्तक अर्पण करतो सिडनीलाच, मग सिडनीचं समर्थन येतं. पीकॉक १८२० ला म्हणतो की कवितेचे दिवस संपले, दुसऱ्याच वर्षी शेली तिची बाजू मांडायला लिहितो, ते छापून यायला १८४० उजाडतं. डॉ. जॉन्सन डन वगैरे मंडळींना ओढूनताणून कल्पना जुळवणारे म्हणतो, आणि १९२१ ला एलियट त्याच कवींना विचार आणि भावना एकजीव असलेले म्हणून वर उचलतो. कोण कोणाला उत्तर देतंय हे कळलं की उताऱ्यात आवाज ओळखू येतो, आणि तुझी मॉक नेमकी तिथेच अडली होती. निगेटिव्ह कॅपेबिलिटीसाठी कीट्सचं ते मूळ पत्र वाच, १८१७ चं, भावांना लिहिलेलं. तो म्हणतो की अनिश्चितता, गूढ, शंका यांच्यात राहायचं आणि पुराव्यामागे, कारणामागे धडपडत सुटायचं नाही, आणि उदाहरण देतो शेक्सपिअरचं. व्याख्या दहा वेळा वाचण्यापेक्षा हे एकदा.

रोजची_मॉक
ताईंचं पटतं पण पूर्ण नाही. तीन महिन्यात सगळं समजून घेत बसलात तर एकोणिसाव्या शतकातच परीक्षा येईल. काही गोष्टी सरळ पाठच करा, सॉनेटच्या यमकांच्या रचना, छंदांची नावं, ड्रायडनच्या १६६८ च्या नाट्यकाव्यावरच्या निबंधातली चार पात्रं (युजिनिअस, क्रायटीस, लिसिडियस, निअँडर, आणि निअँडर म्हणजे स्वतः ड्रायडन), यात समजण्यासारखं थोडं आणि लक्षात ठेवण्यासारखं जास्त आहे. जुने पेपर मात्र आजपासून सोडवा, शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नका. आणि चुकलेल्या प्रश्नाचं नुसतं उत्तर लिहू नका, बाकीचे तीन ऑप्शन कशाचे होते तेही लिहा, एका प्रश्नात चार गोष्टी होतात. निगेटिव्ह मार्किंग असेल तर दोन ऑप्शन खात्रीने कटले तरच हात लावायचा. माझे सगळ्यात जास्त मार्क या एका सवयीने वाढले.

स्वरयंत्र
फोनेटिक्सची भीती वाटणाऱ्या मराठी माणसाला मी नेहमी एकच सांगतो, ते तुम्ही पहिलीत शिकलाय. आपली वर्णमाला म्हणजे उच्चारस्थानांचा तक्ताच आहे हो. क वर्ग कंठातून, च वर्ग तालूवर, ट वर्ग मूर्धन्य, त वर्ग दंत्य, प वर्ग ओठ, आणि प्रत्येक ओळीत आधी अघोष मग घोष, अल्पप्राण मग महाप्राण, शेवटी अनुनासिक. इंग्रजी व्यंजनांचा तक्ता उघडा, तीच मांडणी वेगळ्या नावांनी दिसेल. फरक कुठे आहे तेवढं टिपा. इंग्रजी टी आणि डी ना आपल्या त-द सारखे दातावर ना ट-ड सारखे जीभ वळवून, वरच्या दातांच्या मागे जो हिरडीचा उंचवटा असतो तिथे.

फोनीम (अर्थ बदलणारा ध्वनी) आणि अ‍ॅलोफोन (त्याच ध्वनीचं अर्थ न बदलणारं रूप) यात सगळे गोंधळतात, त्याला हा प्रयोग करा. तोंडासमोर तळहात धरा आणि एखाद्या इंग्रज माणसाच्या रेकॉर्डिंगसारखं किल म्हणा, मग स्किल म्हणा. पहिल्या क ला हवेचा झोत लागतो, जवळजवळ ख, दुसऱ्याला लागत नाही. इंग्रजीत हे दोन अदलाबदल केले तरी शब्द तोच राहतो, उच्चार फक्त विचित्र वाटतो, म्हणून ते एकाच फोनीमचे दोन अ‍ॅलोफोन. मराठीत कण आणि खण यात तोच झोत अर्थ बदलतो, म्हणून आपल्याकडे क आणि ख वेगळे फोनीम. झालं, संकल्पना संपली. आणि उलटं उदाहरण म्हणजे इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू वेगळे फोनीम, द्राक्षाचा वेल आणि त्याची दारू हे दोन्ही शब्द आपण वाइन असेच म्हणतो, त्यांच्या कानाला ते दोन शब्द आहेत.

मग अनेकवचनाचा एस घ्या, कॅट्सला स, डॉग्जला घोष झ, हॉर्सेसला मध्ये इ येतो. का? आधीचा आवाज अघोष की घोष की स-श सारखा, बस. प्रमाण ब्रिटिश उच्चारात ४४ ध्वनी धरतात, २४ व्यंजनं आणि २० स्वर, त्या वीसात १२ साधे आणि ८ जोडस्वर. हे पाठ करावंच लागेल. रोज वीस मिनिटं दिलीत तर महिन्याभरात होतं.

पानापानांत
सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. कण-खण वाचून मी मोठ्याने म्हणून बघितलं आणि पहिल्यांदा अ‍ॅलोफोन कळलं.

आता दोन अडचणी. मीटर मला ऐकूच येत नाही, आयँबिक पेंटामीटर म्हणजे पाच गण हे माहीत आहे पण ओळ दिली की कुठे जोर आहे तेच समजत नाही, बोटं मोजत बसते. आणि थिअरीत भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरपाशीच अडकलेय, शब्दाचं मूल्य फरकातून येतं म्हणजे नक्की काय?

ओळीमागे_ओळ
मीटर ऐकू न येण्याचं कारण तुझा कान वाईट आहे हे नाही, तो वेगळ्या हिशोबावर तयार झालाय. आपली वृत्तं लघु-गुरूवर चालतात, म्हणजे अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो त्यावर. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, लघु गुरू गुरू असे चार गण, ते म्हणताना आपण वेळ मोजतो. इंग्रजीत वेळ नाही, आघात मोजायचा. म्हणून आधी कविता सोड आणि सुटे शब्द घे. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट हे शब्द नाम असताना पहिल्या भागावर जोर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. हे दहा-पंधरा शब्द मोठ्याने म्हण, जोराच्या जागी टेबलावर टिचकी मार. क्रियापदाचा नमुना म्हणजे आयँब, नामाचा म्हणजे ट्रोकी. (प्रेझेंट आणि ऑब्जेक्टवर हे सगळ्यात स्वच्छ कळतं.) मग ब्लँक व्हर्सच्या (म्हणजे यमक नसलेल्या आयँबिक पेंटामीटरच्या) ओळी चांगल्या नटाच्या आवाजात ऐक, पुस्तक समोर धरून. ओळीचा पहिला गण पुष्कळदा उलटा, म्हणजे ट्रोकी येतो, तिथे आपलं चुकलं म्हणून घाबरायचं नाही, तो कवीने मुद्दाम दिलेला धक्का असतो आणि तोच उत्तरात लिहायचा.

अनसीन कवितेबद्दल. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांनी काय लिहिलं ते १९२९ च्या प्रॅक्टिकल क्रिटिसिझममध्ये मांडलं, आणि चांगली शिकलेली मुलंही साधा अर्थ लावताना चुकली होती. म्हणजे पहिलं काम साधा अर्थ. कोण बोलतंय, कोणाशी, काय झालंय, कविता कुठे वळते. अलंकारांची यादी करत बसू नको, परीक्षकाला अनुप्रास आहे हे दिसतंच, तो तिथे काय करतोय ते हवं असतं.

शेक्सपिअरचं ७३ वं सॉनेट घे सरावाला. पहिल्या चार ओळीत पानगळ झालेल्या फांद्या, पुढच्या चारात सूर्य बुडाल्यानंतरचा संधिप्रकाश, तिसऱ्या चारात स्वतःच्याच राखेवर विझत चाललेला विस्तव. तिन्ही म्हातारपणाच्या प्रतिमा, एवढं सगळे लिहितात. पण बघ, आधी वर्षाचा शेवट, मग दिवसाचा शेवट, मग थोड्या वेळात विझणारी आग. काळ आखूड होत चाललाय. आणि ऋतू फिरून येतो, सकाळ परत होते, विझलेली आग मात्र स्वतःहून पेटत नाही. मग शेवटच्या दोन ओळीत ज्याच्याशी बोलतोय त्याच्याकडे वळतो, की तुला हे दिसतंय म्हणून तुझं प्रेम घट्ट होतंय. रचनेतून अर्थ कसा निघतो हे दाखवलंस की उत्तर तयार. सॉनेटला आपण सुनीत म्हणतो आणि केशवसुतांनी ते मराठीत आणलं, तेव्हा हा साचा तुला अगदी परका नाही.

सोस्यूरला मराठीतूनच पकड. आपल्याकडे आम्ही आणि आपण. आम्ही निघतो म्हटलं तर समोरचा त्यात नाही, आपण निघू म्हटलं तर आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, वी. मग वी म्हणजे आम्ही का? नाही, कारण वी च्या शेजारी आपण उभा नाही. शब्दाची जागा शेजारचे शब्द ठरवतात, यालाच तो मूल्य म्हणतो. हिंदीतला कल आणि आपले काल-उद्या घेऊनही हेच बघता येईल. त्याचं पुस्तक १९१६ चं, तो वारल्यानंतर सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून तयार केलेलं. हे बसलं की फ्रेंच विचारवंत देरिदा पुढे काय विचारतो तेही सोपं जातं, की अर्थ फक्त फरकातूनच येत असेल तर तो शेवटी कुठे थांबतो? १९६६ चं त्याचं व्याख्यान आणि १९६७ ची पुस्तकं या प्रश्नावरून वाच.

पानापानांत
७३ वं काल रात्री वाचलं, चार वेळा. आगीचं परत न पेटणं कळल्यावर पुस्तक मिटून बसून राहिले थोडा वेळ.

कागदही भिंतीवर लावलाय. एक विचारू का जुनी_वही ताई, १६४२ ते १६६० खालची ओळ अगदी रिकामी दिसतेय, तिथे खरंच काही नाही?

जुनी_वही
नाटकगृहं बंद होती गं, लेखण्या नाही. १६४४ ला मिल्टनचं अ‍ॅरिओपॅजिटिका, छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी. १६५० ला मार्व्हेलची क्रॉमवेलवरची ओड, १६५१ ला हॉब्जचं लेव्हायथन, १६५३ ला वॉल्टनचं मासेमारीवरचं ते शांत पुस्तक, एवढ्या धुमश्चक्रीत. आणि १६५६ ला डॅव्हेनंटने बंदी असताना सीज ऑफ ऱ्होड्स रंगमंचावर आणलं, नाटक नाही संगीत आहे असं म्हणून. ते मात्र लाल पेनाने लिही.