वीस कोंबड्या की पाचशे? गावरान कोंबडीचा हिशोब एकदा मांडूच

माळदांडी_मंगळवेढा
परवा गावात एका कार्यक्रमात वक्ते सांगून गेले की प्रत्येक शेतकऱ्यानं पाचशे गावरान कोंबड्या पाळल्या तर उसाकडं बघायची गरज नाही. टाळ्या पडल्या. मी मागं बसून आमच्या आईच्या खुराड्याचा हिशोब बोटांवर मोजत होतो. तो इथं देतो. पटत नसेल तर खोडून काढा.

आमच्याकडं ८ कोंबड्या, १ कोंबडा. गेल्या वर्षभरात ४४० च्या आसपास अंडी झाली. एक कोंबडी वर्षाला ५०-६० च देते, जास्त कुणी सांगितलं तर ती गावरान नव्हे. त्यातली ११० रवणीला घातली, ८२ पिलं निघाली, मोठी झाली ४५. बाकीची घारीनं, मुंगसानं आणि रोगानं नेली. ४५ पैकी १२ आम्हीच खाल्ली (पाहुणे आणि आखाड धरून), ५ तलंगा (तरण्या कोंबड्या) ठेवल्या, २८ विकल्या. नग सरासरी ४०० धरा, ११,२०० झाले. २०० अंडी १२ रुपयांनी गेली, ती २,४००. एकूण १३,६००. खर्च म्हणाल तर ज्वारीचं चाळण, उरलीसुरली भाकरी आणि हजार-दीड हजार औषधपाणी.

माझं म्हणणं एवढंच की गावरान कोंबडी परसात फिरली तरच परवडते. दहा-वीसपर्यंत ती घराला देते. पाचशे करून शेडात घातली की घराकडून घ्यायला लागते.

हिशोबी_बार्शी
मालक, हिशोब मांडलात ते बरं केलं, पण अर्धाच मांडलात. तुमच्या आई रोज सकाळी खुराडं उघडणार, झाडून काढणार, पाणी ठेवणार, संध्याकाळी मोजून डालणार. वर्षाचे ३६५ दिवस. त्याची मजुरी कुठंय? आज बाईमाणसाची खुरपणीची हजेरी ३०० रुपये आहे. तुमचे १३,६०० म्हणजे ४५ हजेऱ्या. चाळण फुकट कसं? तेच म्हशीला घातलं असतं तर?

आणि महिन्याला हजार-बाराशेनं कुणाचं पीककर्ज फिटलंय? ही गरिबी गोंजारायची भाषा झाली. शेतकऱ्यानं वीस कोंबड्यांत समाधान मानायचं आणि पोल्ट्रीवाल्यानं वीस हजारांचं शेड टाकायचं, असंच ना?

माळदांडी_मंगळवेढा
आई ६७ वर्षांची आहे, गुडघे गेलेत. तिला खुरपणीला कोण बोलावतंय? ती ३०० ची हजेरी कागदावरच आहे. कर्ज फिटतं असं मी म्हणालोच नाही.

पाचशेवाला_माढा
मीच तो पाचशेवाला. नाव सांगत नाही, गावात आधीच हसून झालंय.

'एकदिवशी गावरान पिलं देतो, माल तयार झाला की आम्हीच उचलतो' असं सांगणारा एक पुरवठादार भेटला. चैत्रात ५०० पिलं घेतली, ३५ रुपयांनी १७,५०० गेले. उसाच्या पाचटाचं छप्पर आणि जाळी आधीचीच होती म्हणून वाचलो. चार महिन्यांत खाद्याची ४२ पोती लागली. पोतं १,९०० ला, म्हणजे ७९,८००. तूस, लाईट, औषध मिळून ८,०००. बेरीज १,०५,३००.

राहिली ४१०. वजन सरासरी सव्वा किलो. पुरवठादाराचा फोन बंद. वर तारीख बघा: चैत्रात आणली म्हणजे तयार झाली श्रावणात! अख्खा तालुका सोमवार-शनिवार धरून बसलेला. व्यापाऱ्यानं १८० किलोनं उचलली. आले ९२ हजार आणि काही. १३ हजार घालून बसलो, चार महिन्यांची झोप वेगळी.

त्यामुळं वीसवाल्यांचं मला पटतं. पण वीसनं माझं घर चालणार नाही हेही खरंय. मग करायचं काय?

गुरांचा_डॉक्टर
नोकरीची २२ वर्षं याच जिल्ह्यात गेली, सांगोला आणि करमाळ्याकडं जास्त. दोन गोष्टी सांगतो.

माढ्याच्या भावाचं का बुडालं ते बघा. ब्रॉयलर ४०-४२ दिवसांत दोन किलोला येतो आणि त्यासाठी साडेतीन किलोच्या आत-बाहेर खाद्य खातो. गावरान पक्ष्याला सव्वा किलो व्हायला चार-पाच महिने लागतात आणि बांधून घातलं तर तो साडेचार-पाच किलो पोत्यातलं खातो. त्याचा नफा त्याच्या पायांत असतो. उकिरडा उकरायचा, किडे, वाळवी, गवताचं बी, खळ्यावरचं सांडलेलं. शेडात घातलात की हे सगळं बंद, आणि दिवसाकाठी वाढायचा वेग तर ब्रॉयलरचा येत नाही. दोन्हीकडून मार.

आता मंगळवेढ्याच्या भावाला. ८२ तून ४५ राहिली म्हणताय. ३७ पिलं गेली, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही? तुमचा सगळा धंदा त्या ३७ मध्ये आहे. पहिले पाच-सहा आठवडे पिलं आईबरोबर मोकळी सोडू नका. आईसकट डालग्याखाली (टोपलीखाली) किंवा जाळीच्या घरात ठेवा, भरड आणि पाणी आत द्या. घार आणि मुंगूस तिथंच थांबले. आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बीचं इंजेक्शन. एक कोंबडी न वाढवता उत्पन्न दीडपट होईल.

माळदांडी_मंगळवेढा
डॉक्टर, लस घ्यायला गेलो होतो. मेडिकलवाल्यानं शंभर डोसची बाटली दाखवली. माझी पिलं अकरा.

गुरांचा_डॉक्टर
हीच खरी अडचण. बाटली फोडून पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची, तीही बर्फावर धरून. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात टाकली तर ते नुसतं पाणी. एकट्यादुकट्याला लस परवडत नाही ती किमतीमुळं नव्हे, बाटलीच्या आकारामुळं.

बचतगटवाली_मोहोळ
आमच्या गटात हे सुटलंय म्हणून लिहिते. आम्ही १४ जणी. कुणाची कोंबडी कधी खुडूक (अंडी उबवायला) बसली ते वहीत लिहितो, आणि शक्यतो एकाच आठवड्यात सगळ्यांच्या रवणी घालतो. २१ दिवसांनी सगळ्यांची पिलं एकदमच निघतात. मग रविवारी पहाटे थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची, उन्हं चढायच्या आत वाडीतल्या सगळ्या पिलांना थेंब. माणशी दहा-पंधरा रुपये पडतात. पहिल्या वेळी पाच घरं आलीच नाहीत, 'लशीनं पिलं मरतात' म्हणून. त्यांच्याकडं माघात मर आली, तेव्हापासून त्याच आधी येऊन उभ्या राहतात.

हिशोबी दादांना एक सांगायचंय. उसाचं बिल यांच्या खात्यावर येतं, दुधाचं बिल सासऱ्यांच्या. कोंबडीचे ४०० माझ्या हातात येतात आणि ते कुठं गेले हे मला कुणी विचारत नाही. पोरीची सहलीची फी भरायला मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. हे तुमच्या मजुरीच्या रकान्यात बसवून दाखवा.

हिशोबी_बार्शी
ताई, हे मान्य. पण ही चर्चा 'शेतकऱ्याची उपजीविका' अशी चाललीय आणि तुम्ही हातखर्चाचं सांगताय.

बचतगटवाली_मोहोळ
मी पण शेतकरीच आहे, दादा. सातबाऱ्यावर नाव नाही एवढंच.

तुळशीमाळ_पंढरपूर
सगळे आकडे मांडताय, पण आमच्याकडं निम्म्या घरांत गळ्यात माळ आहे. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सरकारी माणूस येतो, पिलांच्या वाटपाची यादी करतो, आम्ही हात जोडतो. आमच्या भावकीत एकानं सासऱ्याच्या नकळत रानातल्या वस्तीवर कोंबड्या ठेवल्या. कोंबडा पहाटे आरवला आणि सगळं उघडं पडलं. योजना आखणाऱ्यांनी आधी गाव बघावं.

कोंबडी_लाईन_सोलापूर
माझं शहरात चिकनचं दुकान आहे, वडिलांपासून. इथं कुणी गिऱ्हाइकाकडून बोलत नाही म्हणून बोलतो.

मला रविवारी ४० पक्षी लागतात, ढाब्यांना वेगळे. सगळे एका अंगाचे, किलो-सव्वाकिलोचे. तुमच्या वाडीतून मला मंगळवारी तीन, गुरुवारी दोन, त्यातला एक तीन वर्षांचा कोंबडा, शिट्ट्या मोजून कुकर दमतो. मी धंदा करू का वाड्या फिरू? म्हणून मी शेडातली रंगीत कोंबडी घेतो. डीपी म्हणा, सातपुडा म्हणा. गिऱ्हाईक रंग बघतं, पाय बघतं आणि 'गावरान आहे ना?' विचारतं. मी 'गावरानसारखी' म्हणतो. पुढची तीन अक्षरं त्याला ऐकू येत नाहीत, त्याला मी काय करू?

अंड्याचं तर विचारूच नका. तपकिरी दिसलं की गावरान, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. खरं गावरान अंडं लहान असतं, रंगानं मळकट पांढरं ते फिकट बदामी. ते ठेवलं तर लोक म्हणतात हे लहान का!

माळदांडी_मंगळवेढा
म्हणजे तुमच्या 'सारखी'मुळं आमच्या खऱ्या कोंबडीचा भाव पडतोय, आणि वर आम्हालाच माल कमी पडतो म्हणताय.

कोंबडी_लाईन_सोलापूर
एकदम ४० आणून द्या, किलोला ५० जास्त देतो. लिहून घ्या. नाहीतर आठवडी बाजारात स्वतः बसा, तिथं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मिळतात, मग माझ्याकडं येता कशाला?

नवउद्योजक_अकलूज
मी बी.एस्सी. ॲग्री केलंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून ग्रामीण कुक्कुटपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल २५ लाख. इथं सगळे वीस आणि पाचशेत अडकलेत, मी हजारचा विचार करतोय. कुणी अर्ज केलाय का?

गुरांचा_डॉक्टर
त्याची अट नीट वाच, बाळा. ते किमान १,००० पैदाशीच्या पक्ष्यांचं युनिट आहे, त्याबरोबर अंडी उबवणी केंद्र आणि पिलं चार आठवडे वाढवायची सोय. म्हणजे तू कोंबड्या विकणारा नाहीस, पिलं विकणारा होणार. उरलेले ५० टक्के तुझे किंवा बँकेचे. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४३ अंश होतं. उबवणी यंत्राची वीज एका दुपारी गेली तर अख्खी बॅच जाते. जनरेटर आधी, बोर्ड नंतर.

पण तू उभा राहिलास तर मला आनंदच आहे. आज या भागातल्या बायकांना चांगलं चार आठवड्यांचं, लस झालेलं पिलू मिळत नाही. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया ही परसासाठीच काढलेली सुधारित पाखरं आहेत, वनराज-ग्रामप्रिया हैदराबादची, गिरिराज बेंगळुरूचं. वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात. फक्त खुडूक फारशी बसत नाहीत, त्यामुळं पिलं पुन्हा विकतच घ्यायची किंवा गावरान कोंबडीखाली उबवायची.

काळं_सोनं
कडकनाथ करा ना मग! अंडं ५०-७० रुपयांना जातं.

पाचशेवाला_माढा
२०१९ साली इस्लामपूर भागातली कडकनाथची साखळी योजना आठवते का? शेतकऱ्यांनी लाखो भरले, पक्षी घेतले, खाद्य आणि उचल बंद झाली, लोकांनी डोळ्यांदेखत पक्षी उपाशी मरताना बघितले. कोंबडीचा काही दोष नव्हता, झाबुआची ती चांगली जात आहे, २०१८ ला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ७० रुपयांचं अंडं तोवरच ७० चं असतं, जोवर ते खायला नाही तर पुढच्या शेतकऱ्याला विकायला घेतात.

हिशोबी_बार्शी
हे वाक्य मात्र आवडलं.

आणखी एक कुणी बोललं नाही. २००६ ला नवापूर, २०२१ ला परभणीतलं मुरुंबा. बर्ड फ्लू निघाला की आजूबाजूच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारतात, परसातलेही. तेव्हा कुणाचे वीस आणि कुणाचे पाचशे बघत नाहीत. वीसवाल्याचं निदान कर्ज तरी नसतं, एवढं तुमच्या बाजूनं मांडतो.

बाकी माझं मत तेच. हा जोडधंदा नाही, जोडीचा पैसा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या मागच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांवर वाढल्याचं दिसतं, ३१ कोटींच्या पुढं. एवढ्या वाढल्या, तर शेतकऱ्याचं तेवढं भलं झालेलं दिसायला नको का?

माळदांडी_मंगळवेढा
दिसतं हो, पण तुम्ही बँकेच्या खात्यात शोधताय. ते डब्यात असतं, डाळीच्या खाली.

असो. वक्त्यांवरचा माझा राग कायम आहे, पण दोन गोष्टींत मी मागं येतो. ३७ पिलं मेली हे मी 'चालायचंच' म्हणून लिहिलं होतं, ते चालायला नको होतं. आणि एकट्यानं ४० पक्षी होणार नाहीत. वाडीवर नऊ घरं आहेत, आज संध्याकाळी आईलाच पुढं घालून विचारतो. मोहोळच्या ताई, ती वही कशी आखलीय त्याचा फोटो टाका. आमची एक कोंबडी कालपासून खुडूक आहे.

बचतगटवाली_मोहोळ
टाकते. कालपासून असेल तर लगेच अंडी घालू नका, दोन दिवस नुसती बसू द्या, नाहीतर मध्येच उठते. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, अकरा-बारापेक्षा जास्त नको. सातव्या रात्री बॅटरी लावून बघा, आत लाल शिरा दिसल्या तर ठेवा, कोरं दिसलं ते काढून टाका.

हिशोबी_बार्शी
आणि डालगं विकत आणाल ते खर्चात धरा. बुरुड चारशे सांगतो, साडेतीनशेला देतो.