आधी फायदा, मग धोका, असं कसं?
एकीने विचारलंय की पाळी गेल्यावरच्या हार्मोन गोळ्या आधी हृदयाला चांगल्या म्हणायचे मग २००२ ला एकदम उलटं कसं. अहो, १९७६ ला सुरू झालेल्या अमेरिकन नर्सेसच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणी मुळातच तब्येतीला जपणाऱ्या, मग फायदा गोळीचा की सवयींचा कसं कळणार? धोका दिसल्यामुळे २००२ ला थांबवलेल्या ट्रायलमध्ये (औषधाच्या चाचणीत) चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले होते, पण तिथे सरासरी वय ६३, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, त्यामुळे नर्सेसच्या अभ्यासाशी सरळ तुलना होतच नाही. असा अभ्यास करायचा तर त्याच बायकांना वर्षानुवर्षं पुन्हा गाठावं लागतं, आणि आपल्या नाशकात तर वेगळीच पंचाईत, दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला आलेली बाई पुढच्या वर्षी शोधायची कुठे, नंबर नवऱ्याचा, तोही बंद. सापडतात त्या पक्क्या घरातल्या, मग निष्कर्षही त्यांच्यापुरतेच ना!