आमच्या गावात गिरणी होती : अनुभव सांगा

नागपूरच्या एम्प्रेस मिलवर (१८७७) पुष्कळ लिहून झालंय. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर इथल्या कापड गिरण्यांबद्दल मात्र बाहेर फारसं कोणी बोलत नाही. तुमच्या घरचं कोणी गिरणीत होतं का? कोणत्या खात्यात? ती गेल्यावर घर कशावर चाललं? एकच विनंती: भोंगा झाला की अख्खं गाव घड्याळ लावायचं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं लिहा.

वणाकाठचा
मी गिरणीच्याही मागे जातो. भारताची मोजणी करणारा विल्यम लॅम्ब्टन जानेवारी १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटातच वारला. त्याची कबर इथे आहे, पण शाळेत कोणी नेऊन दाखवली नाही. इथला बाणी जातीचा कापूस इंग्रजांच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जायचा. गिरण्या त्यानंतरच्या: बन्सीलाल अबीरचंदांची १८८० च्या दशकातली, रेखचंद मोहतांची १८९८ ची. पहिली १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली. आजोबा तिथे साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. 'आता आपण सरकारी' म्हणून त्यांनी पेढे वाटले, तेव्हा आजी म्हणाली, साचे तेच अन् तुम्हीही तेच, पेढे कायचे?

नाव नको
गावाचं नाव लिहीत नाही. बाबा कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. घरी यायचे तेव्हा भुवया, कानाच्या पाळ्या, नाकातले केससुद्धा पांढरे. आई अंगणातच थांबवायची आणि ओल्या फडक्याने पुसून मगच आत घ्यायची. सुट्टी संपून कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची, आठवडा सरता सरता बरं वाटायचं. आम्ही म्हणायचो, बाबांना सुट्टी मानवत नाही. पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला, 'सुट्टीनंतर जास्त होतं का?' कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची हीच खूण. जॉबर मंडळी, म्हणजे खात्यातले मुकादम, गूळ खायला सांगायची. बाबांनी आयुष्यभर गूळ खाल्ला.
गिरणीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी जरा हेही ध्यानात ठेवावं.

कास्तकार
आमी गिरणीवाले नाई. बाप बंडीनं कापूस हिंगणघाटले आने. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, म्हंजे कापूस सरकारलेच इकाचा, तवापासून केंद्रावर रांग अन् मंग चुकाऱ्याची वाट. आता सीसीआयले, म्हंजे केंद्राच्या कापूस महामंडळाले, द्याचा तर ओलावा आठ टक्के पायजे. त्याच्यावर गेला का भाव कापते, बाराच्या वर गेला का घेतच नाई. पैल्या वेचणीचा कापूस दवानं ओलाच रायते. वेचणाऱ्या बायाईचे पैसे तर त्याच हप्त्यात द्या लागते, मंग तो माल जाते व्यापाऱ्याच्या घरात.
गिरण्या बंद पडल्या म्हून भाव पडला असं लोक म्हनते. मले नाई पटत. भाव तवाबी बाहेरूनच ठरे.

पुलगावची लेक
आमच्याकडे आईची खानावळ होती. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले बदली कामगार खोल्या करून राहायचे. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा असला तरच काम. त्यामुळे आज किती भाकऱ्या टाकायच्या हे आईला पहिल्या पाळीची माणसं आत गेल्यावरच कळायचं. काम न मिळालेला माणूस जेवायला यायला लाजायचा, म्हणून ती भावाला त्याच्या खोलीवर पाठवायची. गिरणी गेली तशी ती माणसंही पांगली. आर्वीची छोटी गाडी बंद पडली. पुलगाव म्हटलं की बाहेरच्यांना दारूगोळ्याचा डेपोच आठवतो, तोही २०१६ च्या आगीमुळे. आईने शेवटी तीच मोठी पातेली लग्नाच्या स्वयंपाकाला भाड्याने द्यायला सुरुवात केली. पैसे बरे मिळाले, खरं सांगायचं तर खानावळीपेक्षा जास्त.

जिनिंगवाला फिटर
कास्तकारभाऊ, तुमचा कापूस पुढे माझ्याकडेच येतो. क्विंटलमागे साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. १७० किलोची गाठ बांधली की ट्रक दक्षिणेकडे, गुजरातकडे, कधी माल बांगलादेशालाही. सूतगिरण्या आपल्या भागात आहेत, नाही असं नाही, पण बराचसा कापूस गाठीच्या रूपातच जिल्हा सोडतो. कापसात बसून कवडी, पाला, प्लास्टिकच्या सुतळ्या वेचणाऱ्या बायांपैकी कित्येकींचे सासरे गिरणीत कायम होते. त्यांना बारमाही काम, फंड, ग्रॅच्युइटी. यांना दिवाळीनंतर सुरू होऊन गुढीपाडव्याच्या आसपास आटोपणारा हंगाम. मशीन माझ्या बापाच्या काळापेक्षा कितीतरी चांगली आहे. नोकरी नाही.

परतवाडा
गिरणी दोनदा पाहिलेले आम्हीच असू. जुनी विदर्भ मिल अचलपूरची, तीही १९७४ लाच सरकारी झाली नि पुढे बंद पडली. मग मुंबईची फिनले मिल इथे आणली. नवी इमारत, नवी यंत्रं. लोकांना वाटलं, चला, गंगा उलटी वाहिली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरच्या गिरण्यांबरोबर तीही थांबली. इथल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेसारखीच हिचीही चर्चा निवडणूक आली की उठते. माझ्यासोबत आयटीआय केलेले तिघे पुण्याला गेले. मी इथेच मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, आणि गिरणी सुरू झाली तरी ते बंद करणार नाही.