मदत हवी आहे: रताळ्याचा हॅश हॉटेलसारखा खरपूस कसा करायचा?

मंडळी, कॅफेत ब्रेकफास्टला मिळतो तो स्वीट पोटॅटो हॅश कोणी घरी जमवलाय का? म्हणजे रताळ्याच्या लहान चौकोनी फोडी, कडा खरपूस आणि आतून मऊ, सोबत परतलेला कांदा, रंगीत सिमला मिरची, स्मोक्ड पाप्रिकाचा (धुरी दिलेल्या सौम्य लाल मिरचीच्या पुडीचा) वास आणि वर पोच्ड एग (कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं), जे फोडलं की पिवळं हळूहळू खालच्या फोडींत उतरतं. मला अगदी तोच हवाय. 'नुसतं उकडून खा, छान लागतं' हे मला माहितीये, त्यामुळे तो सल्ला कृपया नको :)

आता माझ्याकडे काय होतं ते सांगते. कच्च्या फोडी डायरेक्ट तेलात परतल्या तर बाहेरून काळपट पडायला लागतात आणि आत कचकचीत कच्च्या. झाकण ठेवलं की शिजतात, पण वाफेचं पाणी परत त्यातच पडतं, मग उलथन्याला नुसता गिचका चिकटून येतो, कडा म्हणून शिल्लकच राहत नाहीत. आधी उकडून घेतल्या तर तव्यावर पहिल्यांदा उलटतानाच मोडतात. ओव्हनमध्ये २२० अंशांना भाजल्या तेव्हा चव मस्त आली, रंगही आला, पण बाहेर काढून ताटात वाढेपर्यंत सगळं मऊ. हॉटेलात मात्र आपण आधी फोटो काढतो, गप्पा मारतो, आणि तरी शेवटच्या घासापर्यंत कडा टिकून असतात, हे कसं काय?

रताळी केशरी गराची घेते. बिडाचं पॅन आहे, नॉनस्टिक आहे, एअर फ्रायर नाही आणि घेणारही नाही. डीप फ्राय करायची इच्छा नाही, तोच एक उपाय असेल तर तसं स्पष्ट सांगा म्हणजे मी नाद सोडते. आणि कांदा-मिरची फोडींबरोबरच टाकायची की वेगळी परतायची?

प्रतिसाद:

नाद सोडू नका, पण रताळं बटाट्यासारखं कुरकुरीत होईल ही अपेक्षा मात्र सोडा. त्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी, त्यामुळे कडक कवच धरायच्या आधीच ते करपायला लागतं. वर आणखी एक गंमत, रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात शिजणाऱ्या स्टार्चची माल्टोज साखर करतं. सावकाश भाजलेलं रताळं इतकं गोड आणि लिबलिबीत होतं ते याचमुळे, आणि तुम्हाला हॅशमध्ये नेमकं तेच नकोय. म्हणजे हा टप्पा झटकन ओलांडायचा. फोडी गार पाण्यात टाकून पाणी तापवत बसायचं नाही, पाणी खळखळ उकळल्यावरच टाकायच्या.

त्या पाण्यात १ लिटरला १ टेबलस्पून व्हिनेगर आणि मीठ घाला. आंबटपणामुळे फोडींतलं पेक्टिन (पेशींना धरून ठेवणारा चिकट घटक) लवकर विरघळत नाही, म्हणून त्या शिजल्या तरी मोडत नाहीत. व्हिनेगरची चव नंतर अजिबात लागत नाही. दीड सेंटिमीटरच्या फोडींना ४-५ मिनिटं पुरतात, सुरीचं टोक आत जायला हवं पण मध्यावर जरा अडायला हवं, तिथेच थांबा. निथळून ताटात पसरा, वाफ जाऊ द्या आणि जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये न झाकता ठेवा. वरचं पाणी सुकतं आणि गार झाल्यावर आतला स्टार्च परत घट्ट होतो. हॉटेलात बऱ्याचदा असंच आधी अर्धवट शिजवून ठेवतात, ऑर्डर आली की फक्त रंग आणायचा (काही जण सरळ तळतातही, ते सोडा).

सकाळी अर्धा किलो फोडींना १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर चोळा, बिडाचं पॅन चांगलं तापवा, तेल जरा सढळ हाताने घाला आणि फोडी एका थरात पसरून ३-४ मिनिटं हात लावू नका. सगळ्यांचा हात इथेच शिवशिवतो! तळाला रंग आला की फोड आपोआप सुटते, तोवर उलथनं लांब ठेवा. पॅनमध्ये गर्दी झाली की भाजण्याऐवजी वाफवणं होतं, त्यामुळे जास्त माणसं असतील तर दोन घाण्यांत करा.

कांदा-मिरची वेगळीच, त्यांना पाणी सुटतं. शेवटी एकत्र करायचं, पाप्रिका पण तेव्हाच, आधी घातली तर जळून कडू होते.

प्रतिसाद:

वरच्या सगळ्याला +१, फक्त एक विचारायचंय, कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवता का? ठेवत असाल तर ते आधी बंद करा. जास्त दिवस १० अंशांच्या खाली राहिली की त्यांचा गाभा कडक पडतो, मग कितीही शिजवा, मध्ये ते दगडासारखं लागतंच. बाहेर अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. शिजवलेल्या फोडी फ्रिजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. आणि पांढऱ्या किंवा पिवळट गराची, जरा कोरडी रताळी मिळाली तर तीच घ्या, माझ्या मते केशरी हॅशसाठी दुसऱ्या नंबरवर. दिसतात देखणी, पण फार लवकर मऊ पडतात.

धागाकर्ती:

अरे वा, धन्यवाद दोघांनाही! रताळी फ्रिजमध्ये नव्हती, टोपलीतच असतात. व्हिनेगरचं लॉजिक भारी आहे, आज रात्रीच फोडी उकळून ठेवते. आता शेवटचं, फोडी दोन घाण्यांत करायच्या आणि त्याच वेळी चार पोच्ड एग, हे एकट्या माणसाने कसं सांभाळायचं? अंडी होईपर्यंत फोडी गार होणार ना?

प्रतिसाद:

अंडी आधी करून ठेवा, हॉटेलातही तेच करतात. ताजं अंडं बारीक गाळणीत फोडा, पातळ पांढरं खाली गळून जातं आणि पाण्यात धागे सुटत नाहीत. पाणी जेमतेम बुडबुडे येतील इतकंच गरम ठेवून ३ मिनिटं, की लगेच बर्फाच्या पाण्यात. तशीच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा. वाढायच्या आधी गरम पाण्यात (उकळतं नको) मिनिटभर बुडवली की पुरे, पिवळं पातळच राहतं. फोडींचा पहिला घाणा ओव्हनमध्ये १०० अंशांना ठेवा, पण जाळीवर, आणि वर झाकण नको.